एचआयव्हीचं बटण

‘एचआयव्हीवर इतकी चांगली औषधं आली, मग ती जन्मभर का घ्यायची?’ हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर विषाणूच्या एका छोट्याशा तुकड्यात दडलेलं आहे.

एचआयव्हीची सगळी पोथी सुमारे ९,७०० अक्षरांची, जनुकं फक्त ९. पेशीत शिरल्यावर तिची डीएनए प्रत तयार होते आणि आपल्या टी-पेशीच्या डीएनएत कायमची शिवली जाते. या प्रतीच्या दोन्ही टोकांना साधारण ६४० अक्षरांचा सारखाच मजकूर असतो. त्याला ‘एलटीआर’ म्हणतात. पोथीचं वाचन कधी सुरू करायचं, हे सुरुवातीचा एलटीआर ठरवतो. हेच विषाणूचं बटण.

ते दाबणारं बोट मात्र आपलंच! टी-पेशी जंतूंशी लढायला उठली, की तिच्यातलं ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन संरक्षणाची जनुकं चालू करतं. एलटीआरवरही त्याला बसायला जागा असतात. अमेरिका-युरोपात जास्त आढळणाऱ्या ‘बी’ उपप्रकारात सहसा २, तर भारतातल्या ‘सी’ उपप्रकारात सहसा ३.

सुरुवातीला वाचन रखडत चालतं, बहुतेक प्रती अर्धवट राहतात. पण पूर्ण झालेल्या थोड्या प्रतींतून ‘टॅट’ नावाचं प्रथिन बनतं आणि ते वाचनाला जोर देतं. मग आणखी प्रती, आणखी टॅट.

टी-पेशी विसावली, की बटण बंद. विषाणू काहीच बनवत नाही, म्हणून तो औषधांना सापडत नाही आणि प्रतिकारशक्तीला दिसत नाही. गोळ्या थांबवल्या, की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परततो. झोपलेल्या विषाणूला उठवून संपवायचं की बटण कायमचं बंद करायचं, या दोन्ही वाटांवर संशोधन चालू आहे.

माहेरच्या गायतोंडे असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी १९८६ साली मद्रासमध्ये भारतातले पहिले संसर्ग उघडकीस आणले, तेव्हा मान्यता मिळालेलं एकही औषध नव्हतं. आज नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

म्हणून आपल्या माणसाला ‘बरं वाटतंय ना, मग गोळी कशाला?’ असं म्हणू नका. सुट्टीला भारतात जाताना त्या गोळ्या पुरेशा घ्या, आणि विमानात हाताशी असलेल्या पिशवीतच ठेवा.