पायबंध कुठे बांधावा?

नॉर्वेतल्या डिगरवार्डेन डोंगरावरचा जुना बर्फ वितळू लागला आणि २०१४ मध्ये त्यातून एक लाकडी स्की वर आली. तिची जोडीदारीण मिळाली २०२१ मध्ये, लांबी १८७ सें.मी. दोघींचे वय सुमारे १३०० वर्षे. या शोधातली मोलाची गोष्ट मला लांबी किंवा वय वाटत नाही. पाऊल टेकवायची उंच कोरलेली जागा, तिच्यातून आरपार पाडलेले भोक आणि बर्चच्या पिळलेल्या डहाळ्यांचा बंध, हे सारे शाबूत राहिले, ते महत्त्वाचे. पाय फळीवर नेमका कुठे बांधायचा, हे त्या अनामिक कारागिराने ठरवले होते.

आपल्याकडे ‘पायबंध घालणे’ म्हणजे अडवणे. इथे पायबंधाशिवाय पाऊलच पुढे पडत नाही. उतारावरच्या स्कीत टाच जखडलेली असते. सपाटीवर आणि चढावर लांब चालण्याच्या नॉर्डिक स्कीत फक्त बोटांकडचा भाग अडकवतात, टाच मोकळी. पाय उचलला की दोन मीटरच्या आसपासची ती फळी बुटाच्या टोकाला लोंबते. सारा प्रश्न इथूनच निघतो.

कावडीला खांदा मध्यावर लागतो असे आपण म्हणतो, पण घागरी सारख्या भरलेल्या नसल्या तर वाहणारा खांदा न सांगता सरकवतो. स्कीचेही तसेच. तिचा तोलाचा बिंदू लांबीच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही, म्हणून मोजपट्टी कामाची नाही. स्की एखाद्या पट्टीच्या धारेवर आडवी ठेवायची, डोलायची थांबली की तिथे खूण करायची. पारंपरिक शैलीच्या स्कीत बुटाच्या टोकाखालची आडवी सळई या खुणेवर यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. बंध खुणेच्या मागे बसला, तर उचललेल्या पायाखाली स्कीचे नाक खाली झुकते आणि भुसभुशीत बर्फात रुतते. पुढे बसला, तर शेपूट लोंबते.

पण तोल हे अर्धेच उत्तर. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर उभे राहिले, की कमान थोडी वर राहते आणि स्की घसरते. एका पायावर सारा भार देऊन रेटा दिला, की कमान दबते, तळाला लावलेले चिकट मेण बर्फाला धरते आणि माणूस चढ चढतो. बंध सेंटिमीटरभर पुढे नेला तर पकड वाढते, मागे नेला तर घसर वाढते. सपाट फरशीवर स्कीवर उभे राहून पावलाखाली कागद सरकवून पाहतात: दोन्ही पायांवर तो सरकावा, एका पायावर अडकावा. यंत्राशिवायची इतकी प्रामाणिक परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात तेलेमार्कच्या मोर्गेदालचा सोंद्रे नूरहाइम टाचेमागून पिळलेल्या डहाळ्यांचा वळसा घेऊन स्की बांधायचा. शतक सरताना फ्रिट्झ हुइटफेल्टने स्कीच्या जाडीतून आडवे छिद्र पाडून लोखंडी पट्टी ओवली. पकड पक्की झाली, पण छिद्र नेमके सर्वांत जास्त भार येतो तिथे. १९२७ मध्ये ब्रोर विथने ‘रोट्टेफेल्ला’ म्हणजे ‘उंदराचा सापळा’ काढला. त्याच्या तीन खुंट्या बुटाच्या तळव्यातल्या भोकांत बसत. तो वरून स्क्रूने बसवता येई.

स्क्रू आले तशी एक नवी धास्तीही आली. भोक एकदा पडले की पडले. हलक्या स्कीचा गाभा पोकळीदार असतो, पाणी शिरले तर आतून सडतो किंवा सुटतो, म्हणून भोकात आधी गोंद आणि मगच स्क्रू. ठिकाण चुकले तर जुनी भोके बुजवायची आणि नवी त्यांना खेटून पाडायची नाहीत. दोन भोकांमधली भिंत भार झेलत नाही. २००५ मध्ये आलेल्या पद्धतीत कारखान्यातच स्कीवर एक पट्टी चिकटवून येते. बंध तिच्यावर सरकवून बसवतात, आणि त्या दिवशीचा बर्फ पाहून किल्लीने थोडा पुढे-मागे करतात.