ताम्रपटात तूप आहे, पण दूध कोणाचं? जुनी हाडं काय सांगतात

तारापूरला लागूनच चिंचणी आहे. तिथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळातला. त्या वेळी संयान, म्हणजे आजचं संजाण, आणि भोवतालचा मुलूख मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर मोफत होडी ठेवली आणि एक अन्नछत्र काढलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर एक मुस्लिम कारभारी होता, हे लेखी आहे. पण ते तूप गाईचं की म्हशीचं? जनावरं कोण पाळायचं? साधी माणसं काय खायची? हे राजे लिहून ठेवत नाहीत. ते समजतं जुन्या उकिरड्यातून.

हाडं, शिंपले, जळके दाणे, माती यांवरून माणूस, जनावर आणि निसर्ग यांचं नातं शोधणाऱ्या शास्त्राला पर्यावरणीय पुरातत्त्व म्हणतात. त्याची रीत आपल्याला ओळखीचीच वाटेल. कुर्बानीचा बकरा घेताना आपण दात बघून वय ठरवतो. संशोधकही जबड्यातले दात आणि त्यांची झीज बघून तेच करतात. कळपातले नर अंगाने भरल्यावर, तरुणपणीच कापलेले दिसले, तर जनावरं मुख्यतः मटणासाठी पाळली असावीत. माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवल्या असतील, तर दूध महत्त्वाचं होतं. बैलाच्या खुराजवळची हाडं जाड, वाकडी झालेली मिळाली, तर त्याने आयुष्यभर ओझं ओढलं असावं. सुरीच्या खुणांवरून मटण कसं तोडलं ते समजतं. मच्छीचे काटे मात्र बारीक चाळणीशिवाय हाती लागत नाहीत.

महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी हे आपल्या समाजातले संशोधकही त्यात होते. १९८८ साली आलेल्या मोठ्या अहवालावर तिघांचीही नावं आहेत. तिथे गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी आणि हरणांचीही हाडं मिळाली. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या दिसतात. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती कोसळली आणि लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरू लागले. दुष्काळात मोठं जनावर परवडत नाही, बकरी कशावरही जगते, हे आजचा शेतकरीही सांगेल.

आता आपल्या भागाकडे येऊ. संजाणला २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झालं, पश्चिम आशियातली चकचकीत भांडी मिळाली आणि समुद्रापलीकडच्या व्यापाराचा पुरावा हाती आला. चिंचणी, तारापूर, डहाणू हा सगळा त्याच्या शेजारचा किनारा. इथे आज कारखाने, इमारती, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर अशी कामं चालू आहेत. जेसीबीच्या एका फेरीत हजार वर्षांचा थर भरावात जातो. नाणं दिसलं तर कोणीतरी उचलतो. हाडं आणि खापरं फेकली जातात. अन्नछत्रातल्या तुपाचं उत्तर अशाच कचऱ्यात असू शकतं.

म्हणून आमची विनंती आहे. पाया, विहीर किंवा तळं खोदताना राखेचा थर, हाडांचा-शिंपल्यांचा ढीग, जुनी खापरं दिसली तर हलवू नका, धुऊ नका. वस्तू थरातून निघाली की तिचं वय ठरवणं कठीण होतं. जागेवरच फोटो काढा, किती खोलीवर मिळालं ते लिहा आणि तलाठी, तहसीलदार किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि मानवी हाडं किंवा जुनी कबर वाटली तर काम थांबवून आधी पोलिसांना सांगा.

आपल्या मुलामुलींनी इंजिनिअर, डॉक्टर व्हावंच. पण अन्सारी साहेबांची वाटही खुली आहे. डेक्कन कॉलेजमध्ये आजही पुरातत्त्व शिकवतात. खाटीक, मच्छीमार आणि गुरं पाळणाऱ्या घरांतल्या मुलांना तर हाड हातात घेताच ओळखता येतं. ही घरची विद्या तिथे कामाची आहे.