जुन्या संकेतस्थळांचे संग्रह आणि ब्राउझरची धोक्याची सूचना : एक विवेचन

प्रस्तावना :
हस्तलिखिते व दप्तरे यांप्रमाणेच जुनी संकेतस्थळे हीदेखील आता इतिहासाची साधने ठरली आहेत. 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून त्यांचे जतन करीत आहे. मात्र अशा एखाद्या संग्रहाचे पान उघडताच काही वेळा ब्राउझर लाल पडद्यावर धोक्याची सूचना देतो. संग्रह निर्दोष असतानाही असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूचनेमागील कार्यपद्धती :
क्रोम, फायरफॉक्स व सफारी हे ब्राउझर गूगलच्या 'सेफ ब्राउझिंग' सेवेतील याद्यांचा आधार घेतात. यादीतील नोंद एका पानाची असू शकते, तशीच ती संपूर्ण संकेतस्थळाचीही असू शकते. नोंद व्यापक असल्यास सुक्याबरोबर ओलेही जळते. ३१ जानेवारी २००९ रोजी गूगलच्या अशाच यादीत मानवी चुकीने केवळ '/' हे तिरक्या रेघेचे चिन्ह नोंदले गेले. हे चिन्ह प्रत्येक पत्त्यात असल्याने सुमारे ४० मिनिटे शोधनिकालांतील जवळजवळ सर्वच संकेतस्थळे अपायकारक ठरली.

संग्रहांची अडचण :
संग्रहात एकाच पत्त्यावर असंख्य जुन्या फाइली असतात. त्यांपैकी एक जरी संशयित ठरली, तरी दोष सर्वांवर येऊ शकतो. डॉस प्रणालीसाठी लिहिलेला विषाणू आजच्या संगणकावर सहसा चालत नाही. तथापि तपासणी यंत्रणा त्याच्या खुणा ओळखून त्यास धोकादायकच ठरविते. याखेरीज जुलै २०१८ पासून क्रोम सर्व 'एचटीटीपी' पानांवर 'असुरक्षित' असा शेरा दाखवू लागला. हा शेरा माहितीच्या वहनाविषयी असतो, आशयाविषयी नव्हे. परंतु वाचक दोन्ही सूचना एकच मानतो.

संकेतस्थळाचा चालक फेरतपासणीची मागणी करू शकतो. तत्पूर्वी संशयित फाइल काढून टाकणे सामान्यतः अपेक्षित असते. दुकानाच्या संकेतस्थळास ते सोयीचे आहे. संग्रहाच्या दृष्टीने मात्र ते पोथीतील पान फाडण्यासारखे होय. ज्या संग्रहास वालीच उरलेला नाही, त्याच्या वतीने मागणी करणारेही कोणी नसते.

निष्कर्ष :
बेवारस पत्ते विकत घेऊन त्यांवरून फसवणूक केली जाते. म्हणून सूचनेकडे सरसकट दुर्लक्ष करणे योग्य नाही. संग्राहकांनी संशयास्पद फाइली स्वतंत्र उपपत्त्यावर ठेवाव्यात, नोंद करणाऱ्यांनी ती शक्यतो त्या फाइलीपुरतीच करावी आणि अभ्यासकांनी सूचना नेमकी कशाविषयी आहे हे वाचावे. संरक्षणाच्या नावाखाली साधनेच अभ्यासकांच्या दृष्टीआड होणार नाहीत, याची दक्षता घेणे आवश्यक आहे.