कंपनी बुडाली, इंजिन धावत राहिलं

न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे 'आल्को'ने, १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बांधणं बंद केलं. जनरल मोटर्स आणि जनरल इलेक्ट्रिकपुढे तिचा टिकाव लागला नाही. पण तिचं १६ सिलिंडरचं डिझेल इंजिन तोवर वाराणसीत रुजलं होतं.

१९६२ मध्ये आल्कोने बांधलेली पहिली 'डब्ल्यूडीएम-२' इंजिनं भारतात उतरली. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून, रेल्वेवाल्यांच्या भाषेत डीएलडब्ल्यूतून, पहिलं इंजिन बाहेर पडलं. सुरुवातीला सुटे भाग अमेरिकेतून यायचे, हळूहळू ते इथेच होऊ लागले. १९९८ पर्यंत अशी अडीच हजारांहून अधिक इंजिनं तयार झाली. मेल असो वा मालगाडी, वाफेच्या इंजिनाची जागा घेतली ती बहुतेक यांनीच.

ताकद २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर सहा आसांच्या सहा मोटरी चालतात. ड्रायव्हरच्या हाती आठ नॉच, म्हणजे ताकद वाढवण्याचे टप्पे. उभ्या इंजिनाचे मिनिटाला ४०० फेरे आठव्या नॉचला १००० होतात. नॉच झटकन वाढवला की डिझेल लगेच येतं, पण टर्बोचार्जर धुराच्या झोतावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि न जळलेलं इंधन काळा लोट होऊन बाहेर पडतं. रेल्वेवेड्यांना हा लोट प्रिय, फलाटावर पांढरा सदरा घालून उभ्या असलेल्याला अर्थातच नाही.

मालगाडीची खरी परीक्षा चढावर. थांबलेली गाडी पुन्हा हलवताना चाकं घसरतात, रुळावर वाळू सोडावी लागते. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, मोटरींची मांडणी असमान होती, त्यामुळे ओढताना आसांवरचा भार कमीजास्त होई. १९९५ मध्ये त्यावर उपाय म्हणून खास मालगाडीचं इंजिन आलं, ते 'डब्ल्यूडीजी-३ए'. आपल्या तिन्ही मोटरी एकाच दिशेने बसवलेल्या दोन नव्या बोगी, वजन १२३ टन, ताकद ३१०० अश्वशक्ती. गाडी हलवतानाची ओढ सुमारे ३० टनांवरून ३८ टनांच्या घरात गेली. बदल्यात कमाल वेग ताशी १२० वरून १०० किलोमीटरवर आला. मालगाडीला तो सौदा फायद्याचाच.

पुण्याच्या घोरपडी इंजिन शेडमध्ये ही आल्को इंजिनं मोठ्या संख्येने होती. कोकण रेल्वे तर १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून २०२२ च्या विद्युतीकरणापर्यंत डिझेलच्याच भरवशावर होती. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक गाडीवर चढवून नेणारी रो-रो सेवाही डिझेलनेच ओढली.

आल्कोचं हे यंत्र जगातलं सर्वोत्तम कधीच नव्हतं. जनरल मोटर्सच्या घराण्यातलं ४००० अश्वशक्तीचं 'डब्ल्यूडीजी-४' १९९९ मध्ये आलं आणि ताकद, इंधन, देखभाल या तिन्हींत त्याने आल्कोला मागे टाकलं. तरीही जुनं यंत्र टिकलं, कारण ते इथल्या शेडच्या हातात बसलं होतं. सिलिंडर उघडावा, पिस्टन बदलावा, इंजेक्टर तपासावा, हे सगळं आपल्याच कारागिरांना येत होतं. मूळ कंपनी नाहीशी झाल्यावर सुटे भाग आणि सुधारणा, दोन्हींची जबाबदारी आपल्यावरच आली. त्यातूनच २६०० ची ताकद ३१०० आणि पुढे ३३०० झाली. श्रीलंका आणि बांगलादेशालाही वाराणसीची आल्को इंजिनं गेली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये वाराणसीच्या याच कारखान्याने दोन डब्ल्यूडीजी-३ए एकत्र जोडून त्यांचं १०,००० अश्वशक्तीचं विजेवरचं इंजिन केलं. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातून 'डिझेल' हा शब्द गेला, आता तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे आणि मुख्यतः विजेची इंजिनं बांधतो. ती बांधण्याचा आत्मविश्वास मात्र उसन्या परवान्यावरच्या त्या धुरकट यंत्राने दिला, याचं श्रेय आल्कोला द्यायलाच हवं.