खरेदीखत नोंदलें; पुढें काय ?

जमिनीचें खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदून झालें, पावती हातीं आली, कीं पुष्कळ शेतकरी बंधु तो कागद फडक्यांत गुंडाळून पेटींत ठेवितात व स्वस्थ बसतात. मालकीपुरतें त्यांचें समजणें बरोबरहि आहे. परंतु सरकारी दप्तरांत खातेदार म्हणून जें नांव असतें तें तेवढ्यानें बदललेंच असेल असें नाहीं. महसूल खात्यांत लेखणी झिजवितांना या एका समजुतीपायीं झालेलीं भांडणें मीं जितकीं पाहिलीं, तितकीं बांधावरूनहि पाहिलीं नाहींत.

मूळ गोष्ट ही कीं, दप्तरें दोन आहेत. एक दस्तांचें, तें नोंदणी खात्याकडे. दुसरें जमिनीचें; तें महसूल खात्याकडे. दोहोंचे कायदे निराळे आणि अंमलदारहि निराळे.

पहिल्याविषयीं आधीं सांगतों. शंभर रुपये वा अधिक किंमतीची जमीन विकावयाची तर ती नोंदलेल्या लेखानेंच विकली पाहिजे, असें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. शंभर रुपयांस आज बैलाची झूलहि मिळणार नाहीं; तेव्हां हा नियम आपल्या प्रत्येक वावरास लागू आहे असें समजावें. मुद्रांकाच्या कागदावर पंचांसमक्ष सह्या करणें किंवा नोटरीपुढें शिक्का मारून घेणें ही नोंदणी नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत दस्त हजर केला पाहिजे. अपरिहार्य कारणानें उशीर झाला तर पुढील चार महिन्यांपर्यंत दंड भरून तो घेतला जाऊं शकतो. हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत असूं शकतो. मुदतींत नोंदलेला दस्त मात्र नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर सहीच्या दिवसापासून लागू धरिला जातो.

दुय्यम निबंधक काय पाहतो ? लिहून देणार तोच हा मनुष्य आहे काय, सही आपलीच असें तो कबूल करितो काय, आणि मुद्रांक शुल्क पुरतें भरलें आहे काय. जमीन खरोखर त्याच्या मालकीची आहे कीं नाहीं, याचा निवाडा करणें हें त्याचें काम नाहीं. तें पाहणें घेणाराच्याच शिरावर आहे. म्हणून बयाणा देण्यापूर्वीं सातबारा, त्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते जुने फेरफार, व नोंदणी कचेरींतील सूची क्रमांक दोनचा शोध, इतकें पाहावेंच. तीस वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट आहे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, किंवा तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यांत बसत नसेल, तर तें आधींच उमगलेलें बरें.

आतां दुसऱ्या दप्तराकडे वळूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ अन्वयें जमिनींत हक्क मिळविणारानें तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. नोंदलेल्या दस्तानें हक्क मिळाला तर ही सक्ती नाहीं, कारण कलम १५४ प्रमाणें ती खबर नोंदणी कचेरीनेंच महसूल खात्यास द्यावयाची. सक्ती नाहीं हें खरें, पण चौकशी करूं नये असें कोठें लिहिलेलें नाहीं. खबर आल्यावर गांव नमुना सहामध्यें फेरफाराची नोंद लिहितात, चावडीवर प्रत लावितात, संबंधितांस नोटिसा देतात, हरकतीसाठीं पंधरा दिवस वाट पाहतात, व नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तांच्या नोंदवहींत जातें व दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. तो न पटल्यास साठ दिवसांच्या आंत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करितां येतें.

ही वाट कोठें अडते तें माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतों. एका गृहस्थानें १९९२ सालीं दीड एकर विहिरीखालची जमीन रीतसर घेतली व खत नोंदिलें. गांवीं गटवारी होऊन जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले होते. लेखनिकानें मात्र जुन्या खतावरून जुनाच नंबर उतरून काढिला. खबर आमच्याकडे आली, पण त्या नंबराची जमीन दप्तरांत नव्हती. कागद ‘नंबर जुळत नाहीं’ असा शेरा घेऊन गठ्ठ्यांत पडला. सहा वर्षांनीं विकणारा वारला. सातबारा त्याच्याच नांवें असल्यामुळें वारसांची नोंद झाली. ती मींच लिहिली. वारसांनीं सोसायटीचें कर्ज उचललें व इतर हक्कांत बोजा चढला. तोंवर घेणारा गृहस्थहि गेला होता. त्याची विधवा पेटींतला कागद घेऊन कचेरींत आली व म्हणाली, “भाऊसाहेब, जमीन कसतों आम्ही, कागद आमच्यापाशीं, मग कर्ज त्यांच्या नांवावर कसें ?” मजपाशीं उत्तर नव्हतें. चूकदुरुस्तीचा लेख करावयाचा तर आतां सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या, आणि त्यांपैकीं दोघे देईनात. बाईंस दिवाणींत जावें लागलें. निकाल त्यांच्या बाजूनें झाला, पण त्यास सात वर्षें लागलीं व त्यांत एक म्हैस व घरचें सोनें गेलें.

म्हणून खत लिहितांना चालू सातबारा समोर ठेवून गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार व चतुःसीमा ताडून पाहाव्यात. नांवें सातबाऱ्यावर जशीं आहेत तशींच लिहावींत. ‘रामा’ व ‘रामचंद्र’ हा एकच मनुष्य आहे हें गांवास ठाऊक असतें, दप्तरास नसतें. मसुदा सही करण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावा. लेखनिकास घाई असते, आपणांस नसावी.

हल्लीं दस्त नोंदतांच त्याची खबर संगणकानें तहसिलीकडे जाते, व तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सोय मोठीच झाली. पण चुकीचा नंबर संगणकहि चुकीचाच पाठवितो.

उलट बाजूचा गैरसमजहि सांगून ठेवितों. सातबाऱ्यावर नांव लागलें म्हणजे मालकी सिद्ध झाली असें नाहीं. फेरफारानें मालकी निर्माण होत नाहीं व नाहींशीहि होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं व त्यानंतरहि सांगितलें आहे. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरितात, इतकेंच. तेव्हां नोंदलेलें खत व प्रमाणित फेरफार दोन्ही जवळ असावींत. खत नोंदल्यावर महिन्याभरांत चावडीवर जाऊन फेरफाराचा क्रमांक विचारावा, व नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून त्यांतील इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचावा; विकणाराचा जुना बोजा पुष्कळदां तेथेंच राहून गेलेला असतो.