निदानावरील अविश्वास : स्वमग्नतेच्या संदर्भात एक विवेचन

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकल गाडीत दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला डबा असतो. त्यात कुबड्या घेऊन चढणाऱ्यास कोणी काही विचारीत नाही. पांढरी काठी दिसताच जागा करून दिली जाते. परंतु नालासोपाऱ्यास एखादा धडधाकट दिसणारा तरुण कानांवर मोठे हेडफोन लावून त्या डब्यात चढला आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा न भिडविता कोपऱ्यात उभा राहिला, तर डब्यातील नजरा त्याच्याकडे वळतात व 'तुला काय झालंय?' असा प्रश्न येतो. त्याने खिशातला दाखला काढून दाखविला तरी शंका फिटेलच असे नाही. कारण दाखल्यावर जे लिहिलेले आहे ते त्याच्या अंगावर कोठेही दिसत नाही. हा तरुण कल्पनेतला आहे. तथापि त्याच्यावर येणारा प्रसंग स्वमग्न व्यक्तींना व त्यांच्या पालकांना घरी, शाळेत, कचेरीत आणि दवाखान्यातही निरनिराळ्या रूपांत भेटत असतो. हा अविश्वास का उत्पन्न होतो व त्याला तोंड कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, या निदानाचा इतिहासच शंकेला जागा देणारा आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला, तो छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला स्वतंत्र अर्थ दिला. पुढल्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच, परंतु अस्खलित बोलणाऱ्या मुलांविषयी लिहिले. जर्मन भाषेतील ते लेखन इंग्रजी वाचकांना खऱ्या अर्थाने परिचित झाले ते १९८१ साली, लॉर्ना विंग यांच्या निबंधामुळे. दरम्यानच्या काळात आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही उपपत्ती बरीच वर्षे प्रतिष्ठा पावून बसली होती. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली तिच्यावर जोरदार आघात केला, तरी ती लगेच नाहीशी झाली नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले, १९९४ साली आस्पर्गर यांचे नाव त्यात आले आणि २०१३ साली ते पुन्हा काढून सर्व प्रकार एकाच वर्णपटाखाली घेण्यात आले.

ज्याचे नाव तीस-चाळीस वर्षांत इतक्या वेळा बदलले ती वस्तू खरी असेल काय, असे सामान्य माणसाने विचारले तर त्याला दोष देता येत नाही. वस्तुतः येथे बदलल्या त्या सीमारेषा. वसई तालुक्यातील गाव १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेले, म्हणून गावच नव्हते असे कोणी म्हणत नाही.

दुसरी अडचण तपासणीच्या स्वरूपाची आहे. रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून स्वमग्नतेचे निदान होत नाही. ते वर्तनाचे निरीक्षण, पालकांची मुलाखत व विकासाचा पूर्वेतिहास यांवरून करावे लागते. भारतात दाखल्यासाठी जे मापन वापरले जाते ते सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले असून त्यात ४० बाबी आहेत. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज ४० ते २०० यांच्या दरम्यान येते. ७० च्या खाली स्वमग्नता नाही असे मानतात, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम व त्यापुढे तीव्र. आता ६९ व ७१ यांत निसर्गाने काही भिंत घातलेली नाही, हे उघड आहे. परंतु रक्तदाबाच्या आकड्यांतही अशी भिंत नसते, आणि तरी रक्तदाब नाकारणारा मनुष्य विरळा. आकड्याची रेषा सोयीसाठी ओढलेली असते. रेषेच्या अलीकडे-पलीकडे जे सोसावे लागते ते मात्र सोयीसाठी निर्माण झालेले नसते.

वसई-विरारसारख्या प्रदेशात या सामान्य कारणांत काही स्थानिक कारणांची भर पडते. २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक भरली. जागतिक आरोग्य संघटनेने १०० मुलांमागे सुमारे एक असे जे ढोबळ प्रमाण एके काळी दिले होते व पुढे थोडे खाली आणले, ते सर्व वयांना लावून पाहिले तरी येथे स्वमग्न माणसे काही हजार असली पाहिजेत. ती दिसत का नाहीत? एक कारण भाषेचे आहे. घरात कादोडी किंवा वाडवळी, शेजारी गुजराती व हिंदी, शाळेत इंग्रजी, अशा परिस्थितीत मूल तीन वर्षांचे होऊनही बोलले नाही, तर 'इतक्या भाषांनी ते गोंधळले आहे' हे उत्तर तयारच असते. अनेक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता येत नाही, आणि स्वमग्न मुलांची भाषावाढ दोन भाषांमुळे अधिक खुंटते असेही संशोधनात आढळलेले नाही. तरीही घरची भाषा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे आजीशी बोलण्याची जी एक वाट त्या मुलाला उरलेली असते तीही बुजते.

आजीचा उल्लेख आला तो सहेतुक. कारण सर्वांत अवघड शंका परक्यांची नसते, घरातल्या वडीलधाऱ्यांची असते. 'मुलगे उशिराच बोलतात. याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता,' हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्या पालकाने ऐकले नसेल? त्यात अज्ञान आहे, पण त्याहून अधिक माया आहे, आणि थोडी भीतीही आहे. सुनेच्या माहेरचे की सासरचे, कोणाच्या रक्तातून हे आले, हा न उच्चारलेला प्रश्न त्या मायेच्या आड दबा धरून असतो. शिवाय आजीचे म्हणणे कधीकधी वेगळ्याच अर्थाने खरे ठरते: बाप खरोखरच चार वर्षांपर्यंत बोललेला नसतो, पुढे माणसांत मिसळलेला नसतो, आणि मुलाच्या निदानानंतर त्याचा स्वतःचा उलगडा त्याला प्रथमच होतो. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

अशा प्रौढाची स्थिती मुलाहून अवघड होते. तो नोकरी करतो, लग्न झालेले आहे, गाडी चुकली तर दुसरी पकडतो. मग तो स्वमग्न कसा? या प्रश्नाचे उत्तर २०१३ च्या निकषांतच दिलेले आहे. लक्षणे विकासाच्या प्रारंभकाळात असलीच पाहिजेत. परंतु सामाजिक मागण्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट न होणे, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाणे, शक्य आहे असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. स्त्रियांच्या बाबतीत हे झाकणे विशेष आढळते. कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे 'गुणाची पोर' ठरते. तिला तपासणीस कोण नेणार? समोरच्याच्या चेहऱ्याची नक्कल करणे, हसण्याची वेळ पाठ करून ठेवणे, बोलण्याआधी वाक्य मनात तीनदा घोळविणे, या श्रमांनी संध्याकाळपर्यंत माणूस पार गळून जातो. मग ज्या कौशल्याने त्याने इतकी वर्षे निभावून नेले तेच कौशल्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केले जाते. यात एक दुष्टचक्र आहे: नीट वागला तर निदान खोटे, आणि नीट न वागला तर शिस्त नाही.

इंग्लंडमधील तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली मांडलेली ज्ञानविषयक अन्यायाची कल्पना येथे उपयोगी पडते. बोलणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या साक्षीला कमी वजन देणे, हा त्या अन्यायाचा एक प्रकार होय. स्वमग्न मनुष्य 'मला हा आवाज सहन होत नाही' असे सांगतो तेव्हा तो मत देत नसतो, साक्ष देत असतो. ती साक्ष खोडून काढणाऱ्याजवळ दुसरा पुरावा कोणता असतो? स्वतःला तो आवाज सहन होतो, एवढाच. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली दाखवून दिले की, न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. मात्र उणीव एकाच बाजूच्या खात्यावर मांडली जाते.

याचा अर्थ निदानावर कधीच शंका घेऊ नये असा नव्हे. घाईने केलेले निदान चुकू शकते. श्रवणदोष, चिंता किंवा अवधानातील अडचण यांची गल्लत होऊ शकते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा सूज्ञपणाच आहे. परंतु ही शंका परीक्षेची मागणी करते व परीक्षेनंतर थांबते. जी शंका कोणत्याही कागदाने थांबत नाही तिला शंका न म्हणता नकार म्हणावे, आणि तिच्याशी वाद घालण्यात शक्ती दवडू नये.

हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे व्यवहाराची दिशा सापडते. प्रत्येक विचारणाऱ्याला उत्तर देणे लागत नाही. डब्यातील सहप्रवाशाला पूर्वेतिहास सांगण्याचे बंधन कोणावर नाही. तपासनीसाला दाखला दाखविला म्हणजे पुरे. वरिष्ठाला वा प्राध्यापकाला निदानाचे नाव सांगून भागत नाही, कारण नाव ऐकताच त्याच्या डोळ्यांपुढे चित्रपटातले एखादे पात्र उभे राहते. त्यापेक्षा 'दोघे एकदम बोलले की मला शब्द कळत नाहीत. काम लिहून द्या', हे एक वाक्य अधिक काम करते. गरज खोडून काढणे नावापेक्षा कठीण असते. वडीलधाऱ्यांशी तर व्याख्येचा वाद मुळीच घालू नये. आजीला 'स्वमग्नता' हा शब्द मान्य नसेना का. मिक्सर लावण्यापूर्वी नातवाला सांगावे, एवढे तिने मान्य केले तर पुष्कळ झाले. शब्द मागाहून येतो, कधी येतही नाही.

संस्थांपुढे मात्र मवाळपणा उपयोगाचा नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो झाला, आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या अधिनियमाने २१ दिव्यांगत्वांत तिला स्थान दिले. ४० टक्के वा अधिक प्रमाण ठरल्यास आरक्षणादी लाभ मिळतात. दाखला नाकारला गेला तर कलम ५९ अन्वये अपील करता येते. कलम ९१ खोटेपणाने लाभ उकळणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगते. आणि लगेच पुढचे कलम ९२ दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर चारचौघांत पाणउतारा करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास सांगते. दोन्ही कलमे शेजारी शेजारी आहेत. लोकांच्या तोंडी मात्र पहिलेच अधिक असते. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर वाद उठला. त्या प्रकरणाचा निवाडा हा येथील विषय नाही. परंतु अशा प्रत्येक वादानंतर संशयाची झळ पोचते ती ज्यांचे दिव्यांगत्व दिसत नाही त्यांनाच.

राहिली ती शेवटची शंका, जी बाहेरून आत शिरते. वर्षानुवर्षे 'तुला काही झालेले नाही' हे ऐकलेला मनुष्य निदानानंतरही रात्री स्वतःला विचारतो, आपण सोंग तर करीत नाही ना? येथे दाखला फारसा उपयोगी पडत नाही. जुनी शाळेची प्रगतिपुस्तके व बालपण पाहिलेल्या मावशी-आत्यांच्या आठवणी उपयोगी पडतात, आणि अशाच दुसऱ्या माणसांची गाठ त्याहून अधिक. आपल्याखेरीज आणखी कोणी भांड्यांचा आवाज नको म्हणून घरातले सगळे जेवून उठल्यावर जेवते, हे कळणे ही अशा माणसाच्या आयुष्यात लहान घटना नसते.