नटसम्राटाचं एकटेपण

नेसरीसारखं गाव असो वा मुंबई, एकपात्री स्पर्धा म्हटली की गणपतराव बेलवलकरांचं स्वगत आठवतंच. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधला हा नट डिसेंबर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंच्या रूपानं रंगमंचावर आला. सगळं मुलांना वाटून टाकलेला, लेकीच्या घरी चोरीचा आळ सोसलेला हा म्हातारा जुन्या भूमिकांत शिरतो. तो भ्रम निव्वळ वेड नव्हे. गेलेली प्रतिष्ठा परत मिळवायची त्याच्यापाशी उरलेली ती एकच वाट आहे.

एकट्यानं हे स्वगत करणं म्हणजे आवाजाची कसरत, असा आक्षेप घेतला जातो. नुसताच आरडाओरडा केला तर तो खराच. पण समोर नसलेल्या पत्नीकडे, कावेरीकडे नट वळतो, उत्तरासाठी थांबतो, तेव्हा तिची उणीव प्रेक्षकालाही बोचते. एकपात्रीचं बळ त्या थांबण्यात आहे. स्पर्धकांनी आधी तेच शिकावं.